सासूबाईंचं सगळं करते, पण मनातला हिशोब थांबत नाही

रानजाई

नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकीच्या विभागात पडला असेल तर संपादकांनी हलवावा.

सासर वसईचं, कॅथलिक. माहेर सांगलीकडचं, प्रोटेस्टंट. गेल्या पावसाळ्यात सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणंही जवळजवळ गेलं. घरात मी, नवरा, दोन मुलं. नवरा सकाळच्या लोकलने चर्चगेटला जातो, तो रात्रीच उगवतो. दीर कॅनडात, नणंद नाशिकला. मी घरी शिकवण्या घ्यायचे, त्या निम्म्या बंद केल्या. डायपर, आंघोळ, भरवणं, औषधं, व्यायाम हे सगळं माझ्याकडे.

करते मी. तक्रार नाही. किंवा आहे, तेच तर मला कळत नाहीये. रविवारी चर्चमध्ये मिस्सा (उपासना) सुटली की बायका हात धरून म्हणतात, "तुझी प्रीती खरी निःस्वार्थ गं बाई." आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. कारण डायपर बदलताना माझ्या डोक्यात नणंदेचा शेवटचा फोन कधी आला होता हे चाललेलं असतं. दिराने ग्रुपवर बर्फाचे फोटो टाकले की बघून न बघितल्यासारखं करते. आणि सासूबाईंचं तर काय सांगू? लग्नानंतर कित्येक वर्षं "ही आपल्यातली नाही" हे त्यांनी मला चारचौघांत ऐकवलंय. थोरल्याच्या बाप्तिस्म्याच्या जेवणाला माझ्या आईवडिलांशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. हे सगळं नेमकं त्यांचं अंग पुसताना आठवतं.

ईस्टरआधीचा उपवासकाळ चालू आहे. प्रवचनात १ करिंथ १३ (पौलाच्या करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रातला प्रीतीवरचा अध्याय) आलं. "प्रीती अपकार स्मरत नाही." मला तर तारीखवार स्मरतात.

तर प्रश्न असा की मनात हिशोब चालू असताना केलेली सेवा खोटी का? आणि दीर-नणंदेकडे "तुम्हीही करा" म्हणून मागणं हा स्वार्थ झाला का? नवऱ्याचं मत आहे की कुणाकडे काही मागू नये, प्रभू बघतोय.

---

ओसरी

रानजाई, बाळा, तुझं वाचून डोळे भरून आले. बायबलमधल्या रूथची आठवण झाली गं. "तुम्ही जाल तिकडे मी येईन, तुमचे लोक ते माझे लोक." तीही दुसऱ्या लोकांतूनच आलेली सून होती. सासूची सेवा केली आणि दाविदाच्या वंशात तिचं नाव लागलं. तू रूथ हो. बाकीच्यांचं प्रभू बघून घेईल. प्रार्थनेत तुझं नाव ठेवते.

---

अगम्य

यात ख्रिस्ती काय आहे ते समजलं नाही. माझ्या काकूने आजीचं अंथरुणातलं सगळं केलं, ती पंढरीची माळकरी. शेजारच्या भाभी सासऱ्यांचं करतात, त्या पाच वेळा नमाज पढणाऱ्या. प्रत्येक धर्मात सुनाच मरमर करतात आणि प्रत्येक धर्मात त्यांना एखादी गोष्ट सांगून गप्प केलं जातं. तुमच्यात रूथ, आमच्यात दुसरं कुणीतरी. राग मानू नये, स्पष्ट बोलतो.

---

रानजाई

अगम्य, राग नाही. खरं सांगायचं तर हा प्रश्न मलाही पडलाय, फक्त आमच्या ग्रुपवर विचारायची सोय नाही. म्हणून इथे आले.

---

नगरी_काका

जय ख्रिस्त. मी नगरचा (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जीभ वळत नाही), आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, अनेक वर्षं वडील (एल्डर, कारभार पाहणारा) म्हणून काम केलंय. त्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

१ करिंथ १३ आपण लग्नाच्या पत्रिकेवर छापून त्याची पार मिठाई करून टाकली आहे. ते पत्र कुणाला लिहिलं ते बघा. करिंथची मंडळी भांडकुदळ होती. पहिल्याच अध्यायात गटबाजी आहे, मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा. सहाव्यात भाऊ भावाला कोर्टात खेचतोय. अकराव्यात प्रभुभोजनाला जमतात तर एक जण भुकेला राहतो आणि दुसरा पिऊन तर्र. बाराव्यात पौल सांगतो की तुम्ही सगळे एका शरीराचे अवयव आहात, एक दुखावला तर सगळे दुखावतात. आणि त्याच्यानंतर लगेच तेरावा येतो.

म्हणजे "प्रीती सहनशील आहे" हे त्याने एकट्या सोशिक बाईला सांगितलेलं नाही, अख्ख्या मंडळीला सांगितलंय. त्यात जेवून तर्र झालेलेही आले. तुमच्या दिराला, नणंदेला, नवऱ्याला, आणि क्षमा करा, सासूबाईंनाही ते तितकंच लागू आहे. सगळ्यांना लिहिलेलं पत्र एकट्या सुनेच्या गळ्यात कसं पडतं, याचा विचार आपल्या लोकांनी करायला हवा.

अगम्य यांना : तुमचा टोला बरोबर बसलाय. आमच्याकडे काही वेगळं असेल तर ते एवढंच की आमचा गुरू स्वतः कमरेला टॉवेल गुंडाळून शिष्यांचे पाय धुवायला बसला. पाय धुणं हे त्या काळी नोकराचं काम. आणि धुवून झाल्यावर त्याने "तुम्हीही एकमेकांचे पाय धुवा" असं सांगितलं. एकमेकांचे. एकाने कायम धुवायचे आणि बाकीच्यांनी कायम पाय पुढे करायचे, असं काही योहानाने लिहून ठेवलेलं नाही.

---

तिसरी_घंटा

ओसरीताई, तुमच्या भावनेचा आदर आहे, पण रूथला बिचारीला सोडा. तिचं पुस्तक चारच अध्यायांचं आहे, तरी पूर्ण वाचलं जात नाही.

नामी दोन्ही सुनांना स्वतःहून "परत जा" म्हणते. पुन्हापुन्हा म्हणते. त्यांच्यावर हक्क सांगत नाही. अर्पा रडते, सासूचा मुका घेते आणि माहेरी जाते. तिला कुणी शिव्याशाप देत नाही, नामीने तर आधीच आशीर्वाद दिलेला असतो. रूथ थांबते ती स्वतःच्या मनाने, नवरा हयात नसताना. शेतात सरवा वेचायला जाते तेव्हा बवाज मजुरांना सांगतो की तिच्यासाठी मुद्दाम पेंढ्यांतून थोडं गाळत जा. शेताचे कोपरे गरिबांसाठी राखायचे हा तर नियमशास्त्रातलाच नियम होता. म्हणजे एक अख्खं गाव आणि गावाचा कायदा त्या दोघींच्या मागे उभा होता. आणि तिसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीलाच सासू म्हणते, तुझं बरं व्हावं म्हणून मी तुझ्यासाठी ठिकाण शोधायला नको का?

सुनेच्या भल्याची चिंता करणारी सासू. तो भाग प्रवचनात किती वेळा ऐकलाय? मी तर एकदाही नाही.

---

सिस्टर_मिरजवाली

चर्चा छान चाललीय, पण मी नर्स आहे, मला वेगळंच विचारायचंय. रात्री कोण उठतं?

झोपून असलेल्या पेशंटची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर माकडहाडापाशी आणि टाचांना जखमा होतात. एअर मॅट्रेस असली तरी कूस बदलणं चुकत नाही. हे रात्रीही तुम्हीच करत असाल तर तुमचा मनातला हिशोब वगैरे नंतर बघू, आधी तुमची झोप बघू. झोप नसलेल्या माणसाला सगळे जुने अपमान आठवतात. हे मी वॉर्डात इतक्या नातेवाइकांचं पाहिलंय की आता त्याला पाप म्हणायची माझी छाती होत नाही.

एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून "मला मरू दे" म्हणाला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकरी आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून पुन्हा खायला दिलं. माझ्या मते नर्सिंगचा तो पहिला धडा.

अजून एक. उजवी बाजू आणि वाचा एकदम गेली म्हणजे बहुधा मेंदूच्या डाव्या भागाला मार बसलाय. अशा पेशंटला शब्द सापडत नाहीत, भलताच शब्द बाहेर पडतो, कधी शिवीसुद्धा. रडू किंवा हसू कारण नसताना फुटतं. ते तुमच्यावर नसतं. पण पाठ असलेल्या गोष्टी, म्हणजे गाणी, प्रार्थना, आकडे, पुष्कळांच्या तोंडून सरळ येतात, कारण त्यांची वाट मेंदूत वेगळी असते. करून बघा. आणि भरवताना पूर्ण बसवून भरवा, आडवं ठेवून कधीच नाही. ठसका लागला तर थांबा आणि डॉक्टरांना सांगा.

---

रानजाई

सिस्टर, रात्री मीच उठते. नवऱ्याला पहाटे गाडी पकडायची असते.

प्रार्थनेचं तुम्ही म्हणता ते खरंय! पाणी हवं असलं तर त्यांना "पाणी" म्हणता येत नाही, "तो, तो" करत राहतात. पण संध्याकाळी मुलं रोझरीला बसली की "नमो मरिये, कृपापूर्णे" जवळजवळ पूर्ण म्हणतात. मला वाटायचं की मुद्दाम करतात, मुलांशी बोलतात आणि माझ्याशी बोलत नाहीत. त्याचाही राग साठला होता माझ्या मनात. हे आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

---

भुईगावचा

वसईकर हजर. एक विचारू का? नवरा रात्री उगवतो म्हणता, म्हणजे किती वाजता? चर्चगेटहून वसईला यायला दीड तास धरा.

---

रानजाई

धाग्यावर वसईकर भेटणार ही भीती होतीच.

सात-साडेसातला वसईत असतो. मग कॉयरची प्रॅक्टिस. पॅरिश कौन्सिलवर पण आहे, आणि सणाच्या कमिटीत. माणूस वाईट नाही हो, दारू नाही, काही नाही. सगळे त्याला मान देतात. देवाचंच काम करतो, त्याला काय बोलणार?

---

नगरी_काका

बोलणार ते मार्कच्या सातव्या अध्यायातलं. परुशी (त्या काळचे कर्मठ धार्मिक लोक) म्हणायचे, आईबापांना जे द्यायचं ते मी देवाला अर्पण केलंय, त्यामुळे आता त्यांना देता येत नाही. येशूने त्यावर त्यांना इतकं झापलंय की वाचताना आजही कान गरम होतात. देवाच्या नावाखाली आईबापांचं टाळणं म्हणजे देवाची आज्ञा रद्द करणं, असं सरळ म्हणाला.

हे मी मंडळीच्या मीटिंगांत आयुष्य घालवलेला माणूस म्हणून लिहितोय. आमच्यातल्या कित्येकांच्या सेवेची किंमत घरात दुसरंच कुणी चुकतं करत असतं.

---

तिसरी_घंटा

काका, अगदी मनातलं बोललात. तुमच्या नगरचंच उदाहरण देते. रेव्हरंड टिळक मोठे कवी, मोठे भक्त, हाताला सढळ. हातात आलेलं देऊन टाकायचे, वाटेत भेटलेल्याला घरी आणायचे. आणि चूल लक्ष्मीबाईंची. 'स्मृतिचित्रे' वाचताना आपण खदखदा हसतो, कारण त्यांनी ते सगळं विलक्षण गमतीने लिहिलंय. पण दुसऱ्यांदा वाचलं की जाणवतं, टिळकांचा त्याग टिकला तो घरात लक्ष्मीबाई नावाची व्यवहार जाणणारी बाई होती म्हणून. १८९५ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्या त्यांच्याबरोबर गेल्याही नव्हत्या, ख्रिस्ती झाल्या नंतर, स्वतःच्या विचाराने. आणि झाल्यावरही नवऱ्याला तोंडावर बोलायचं त्यांनी सोडलं नाही.

रानजाई, तुम्ही त्या पुस्तकातून सहनशीलता उचलू नका, ती तुमच्याकडे भरपूर आहे. बोलणं उचला.

---

ओसरी

मी जुन्या वळणाची आहे, तुम्हा सगळ्यांइतकं वाचलेलं नाही. पण एक सांगते. असं प्रत्येकाने आपापला वाटा मोजायला लागलं तर प्रेम कुठे उरलं? मी माझ्या सासूचं केलं, सासऱ्यांचं केलं, शेवटी यजमानांचं केलं. कुणाला काही मागितलं नाही. आज मला शांती आहे. क्रूस म्हणतात तो हाच ना? प्रभू म्हणाला, आपला क्रूस उचला आणि माझ्यामागे या.

---

सिस्टर_मिरजवाली

ओसरीताई, तुमच्या शांतीला नमस्कार, मनापासून. पण क्रूस तर प्रभूनेही शेवटपर्यंत एकट्याने नेला नाही, कुरेनेकर शिमोनाच्या खांद्यावर दिला गेला. क्रुसाच्या वाटेत आपण दर शुक्रवारी पाचव्या स्थानकाशी गुडघे टेकतो ते कशासाठी? आणि क्रुसावरून, तशा वेदनेत, त्याने आईची सोय लावली. "ही तुझी आई" असं म्हणून ती एका शिष्याच्या घरी सोपवली. आईची जबाबदारी कुणी घ्यायची हे उघडपणे, सगळ्यांसमोर ठरवलं. तेवढंच रानजाई मागतायत.

---

टोरांटोकर

परदेशातल्या भावाच्या बाजूनेही कुणीतरी बोलावं म्हणून लिहितोय. माझी आई भावाकडे आहे, मी दर महिन्याला पैसे पाठवतो. घरचे बोलताना "पैसे काय, कुणीही पाठवेल" म्हणतात. मग येशूच्या दाखल्यातल्या चांगल्या शोमरोन्याने वाटेत जखमी पडलेल्या माणसासाठी काय केलं? उतारशाळेच्या रखवालदाराला दोन दीनार दिले आणि तो आपल्या प्रवासाला निघून गेला. येशूने त्याला नापास केलं नाही. उलट "तूही तसंच कर" म्हणाला.

---

रानजाई

तुम्ही माझे दीर नाही ना? :)

---

टोरांटोकर

नाही हो, मी कोल्हापूरचा. पण बर्फाचे फोटो मीही टाकतो. आता टाकणार नाही.

---

नगरी_काका

टोरांटोकर, तुमचा मुद्दा अर्धा मान्य. दीनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज, म्हणजे दोन दिवसांची मजुरी दिली. पण पैसे देण्याआधी त्याने काय केलं ते लूकने क्रमाने लिहिलंय. जवळ गेला, तेल आणि द्राक्षारस लावून जखमा बांधल्या, स्वतःच्या जनावरावर बसवलं, उतारशाळेत नेलं, ती रात्र तिथे राहून काळजी घेतली. पैसे दुसऱ्या दिवशी. आणि निघताना म्हणाला, जास्त खर्च झाला तर मी परत येईन तेव्हा देईन. म्हणजे परत येणार होता, आणि खर्चाचा आकडा आधी बांधून घेतला नव्हता.

पण उरलेला अर्धा मुद्दा महत्त्वाचा आहे आणि तो रानजाईंच्या नवऱ्यासाठी आहे : त्या शोमरोन्याने सेवेसाठी दुसऱ्या माणसाला पैसे देऊन ठेवलं, आणि तरी दाखला निःस्वार्थ प्रीतीचाच राहिला. मदतीला बाई ठेवली म्हणजे प्रेम कमी पडलं, असं कुठेही लिहिलेलं नाही.

---

काळा_कोट

वकील आहे, ख्रिस्ती आहे, दोन्हीबद्दल माफी. काही गोष्टी कुणी बोलत नाही म्हणून लिहितो.

२००७ चा आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा कायदा बघा. त्यात 'मुले' म्हणजे मुलगा, मुलगी, नातू, नात. सून त्या व्याख्येत नाही. २०१९ साली सून-जावयांना आणण्याचं दुरुस्ती विधेयक मांडलं गेलं, ते पास झालं नाही. म्हणजे कायद्याने सासूबाईंची जबाबदारी नवऱ्याची, दिराची आणि नणंदेची. समाज नेमकं उलटं समजतो.

दुसरं, आपल्याला १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू होतो. मृत्युपत्र नसेल तर मुलगा आणि मुलगी यांना सारखा वाटा. तरीही आपल्याकडे मुलींकडून हक्कसोड पत्रावर सह्या घेतल्या जातात आणि वर त्यांना "माहेर राखलं" म्हणून शाबासकी मिळते. रानजाईताई, उत्तर दिलं नाहीत तरी चालेल, पण तुमच्या नणंदेने सही केलीय का?

कोर्टात जा असं मी सुचवत नाहीये. पौल करिंथकरांवर त्याबद्दलच चिडला होता. फक्त बोलणीला बसताना कोण कुठे उभं आहे हे माहीत असावं.

---

रानजाई

केलीय. सासरे गेल्यावर वाडीची वाटणी झाली तेव्हा. दोघा भावांची नावं लागली, तिला सोन्याचं काहीतरी दिलं. ती तेव्हा रडली होती आणि आम्हाला वाटलं की बापाच्या आठवणीने रडतेय.

हे लिहिताना काहीतरी लख्ख दिसलं मला. मी तिच्या फोनचा हिशोब ठेवतेय, तिच्याकडेही तिची वही असणारच.

---

अगम्य

हा धागा मी उगाच टोमणा मारून पुढे जाणार होतो, अजून वाचतोय. एक प्रश्न. सासूने इतकी वर्षं दुखावलंय, ते विसरून जायचं असं तुमचा धर्म खरंच सांगतो? कारण मला तरी ते ढोंग वाटतं.

---

तिसरी_घंटा

अगम्य, डोंगरावरच्या प्रवचनात "शत्रूंवर प्रीती करा" असं आहे. "तुम्हाला शत्रूच नाहीत असं समजा" असं नाही. शत्रूला शत्रू म्हणून ओळखायची मुभा त्याच वाक्यात दिलेली आहे. प्रीती म्हणजे मग काय, तर त्याचं भलं करायचं, त्याच्यासाठी प्रार्थना करायची. आवडायलाच हवा असा आदेश नाही. त्या हिशोबाने रानजाई रोज सकाळी ती आज्ञा पाळतेय, राग आलेला असताना. माझ्या लेखी राग न येता केलेल्या सेवेपेक्षा ती मोठी.

---

नगरी_काका

शेवटच्या वाक्याशी थोडा असहमत. राग मोठेपणा देत नाही, तो कुरतडतो. मत्तय १८ मध्ये सांगितलंय की भावाने अपराध केला तर जा, दोघंच असताना त्याला सांग. आपण ते गिळतो आणि गिळण्याला क्षमा म्हणतो. इथे अडचण अशी की सासूबाईंना आता उत्तर देता येत नाही. अशा वेळी तरी सांगावं का, मला माहीत नाही. सिस्टर, तुम्ही सांगा.

---

सिस्टर_मिरजवाली

त्यांना बोलता येत नाही म्हणून समजत नाही असं धरू नका. पुष्कळांना बऱ्यापैकी समजत असतं. आणि म्हणूनच झोपून असलेल्या, उलट बोलता न येणाऱ्या माणसासमोर जुना हिशोब मांडू नये, असं माझं मत. ते एकतर्फी होतं. फादरांपाशी बोला, मैत्रिणीपाशी बोला, इथे बोला. त्यांच्याशी बोलायचंच असेल तर छोटं वाक्य, एका वेळी एक गोष्ट, समोर बसून. "मला वाईट वाटलं होतं" एवढं पुरतं. त्याच्यापुढे त्यांचा हात काय करतो ते बघा.

---

भुईगावचा

मुद्द्याचं बोलू. मोशे दिवसभर एकटाच लोकांचे न्यायनिवाडे करत बसायचा, तेव्हा त्याचा सासरा इथ्रो आला आणि म्हणाला, हे तू करतोस ते बरं नाही, तू थकून जाशील, हे एकट्याचं काम नाही. आणि माणसं नेमायला लावली. बायबलमध्ये सासरकडचं माणूस असं कामाचं बोललेलं आहे हे विसरू नका!

घरी इथ्रो नसेल तर आपणच व्हायचं. येत्या रविवारी तिघा भावंडांचा व्हिडिओ कॉल लावा. नवऱ्याने बोलायचं, तुम्ही नाही. आई त्याची आहे. फोन करण्याआधी कागदावर लिहा : रात्रीची बाई, डायपर, औषधं, फिजिओ, आणि तुमच्या बंद पडलेल्या शिकवण्या. हो, तेही लिहा. पॅरिशमध्ये सेंट व्हिन्सेंट डी पॉलची (गरजूंना मदत करणाऱ्या संस्थेची) मंडळी असतील तर त्यांनाही सांगा, एखादी बाई दुपारी तासभर येऊन बसेल. आपले लोक येतात हो, पण त्यांना सांगायला लागतं. न सांगता फक्त हात धरून कौतुक करतात.

---

रानजाई

(बऱ्याच दिवसांनी येतेय, सॉरी.)

हा धागा नवऱ्याला वाचायला दिला. आधी चिडला. "घरातलं चव्हाट्यावर मांडलंस" म्हणाला. मग कौन्सिलच्या मीटिंगला न जाता अंगणात बसून पुन्हा वाचला. मार्क ७ त्याला झोंबला असावा, कारण त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

कॉल झाला. सुरळीत झाला असं म्हणणार नाही. दिराने आधी "तिथे बाया किती स्वस्त मिळतात" असं काहीतरी म्हटलं आणि मी स्क्रीनपासून उठून गेले. पण रात्रीच्या मावशीचा पूर्ण खर्च त्याने घेतला, पहिला महिना आलाय. नणंद बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मला कधी कुणी विचारलंच नाही. वाडीचं विचारलं नाही, आईचंही नाही." माझ्या नवऱ्याने त्यावर तिची माफी मागितली, मी थक्क झाले. हक्कसोडाचं पुढे काय, ते भावंडं बघतील, मी त्यात नाही. मे महिन्यात ती इथे येऊन राहणार आहे आणि मी मुलांना घेऊन सांगलीला जाणार आहे.

मनातला हिशोब गेला का? नाही. कमी झालाय. झोप मिळते म्हणून कमी झालाय की प्रार्थनेने, हे सिस्टर आणि ओसरीताई आपसात ठरवा. सासूबाईंशी अजून बोलले नाही. कदाचित बोलणारही नाही.

ओसरीताई, तुमच्यावर सगळे तुटून पडले त्याचं मला वाईट वाटलं. तुम्ही एकटीने तिघांचं केलंत. तुमचं आता कोण करतं?

---

ओसरी

कुणी नाही गं. मुलगा पुण्याला आहे, बोलावतो. मला जायचं नसतं, त्रास नको त्याला. तुझा प्रश्न वाचून मात्र दोन दिवस डोक्यात घोळतोय. मी कुणाला काही मागत नाही याचा मला अभिमान होता. मुलाला मात्र करायला मिळत नाही, असं तो म्हणतो.

ईस्टरला जाईन म्हणते त्याच्याकडे.

---

सिस्टर_मिरजवाली

जा, आणि आठवडाभर राहा!

रानजाई, आता मावशींबद्दल. त्यांना आठवड्याची सुट्टी ठरवून द्या आणि ती पाळा. जेवण आपल्याच ताटातलं, झोपायला नीट जागा, पगार तारखेला. याकोबाच्या पत्रात मजुरांची अडवलेली मजुरी ओरडते असं म्हटलंय, ते ब्युरोच्या बायांनाही लागू आहे. तुमच्या घरातल्या प्रेमाची सोय दुसऱ्या घरातल्या बाईच्या झोपेवर होऊ नये, एवढं बघा. कूस बदलायचं पहिले काही दिवस स्वतः शिकवा, पाठीवर न ओढता चादरीने सरकवायचं.

---

रानजाई

मावशींनी शनिवारची रात्र मागितलीय, त्यांची मुलगी दहावीला आहे. ती रात्र नवऱ्याने घेतली. परवा पहिलीच होती. तीनला त्याने मला उठवलं, डायपर उलटा लागला होता. मी दाखवलं आणि परत झोपले.

रविवारी सकाळच्या मिस्सेला कॉयरमध्ये त्याचा आवाज काही लागत नव्हता. मास्तरांनी विचारलं तर म्हणाला, रात्रपाळी होती.